तुर्भ्याहून, समुपदेशक ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुर्भे स्टोअरच्या समाजमंदिरात तुम्ही आलात तेव्हा आम्ही उडदाच्या लाट्या करत बसलो होतो. खरं सांगते, मला वाटलं होतं, बाई तक्ता दाखवील, सह्या घेईल आणि जाईल.

आमच्या बचत गटातल्या एकीला एचआयव्ही आहे, हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. तिनं लाटलेले पापड वेगळ्या डब्यात पडायचे आणि तिथंच राहायचे. तिचा कपही वेगळा, कान तुटलेला, मोरीच्या कट्ट्यावर पालथा.

एकीनं तिचं नाव सांगायला तोंड उघडलं आणि तुम्ही लगेच हात वर केलात. "नाव नको. कुणी विश्वासानं सांगितलं असेल, तर तिच्या संमतीशिवाय ते पुढे सांगता येत नाही. २०१७ चा कायदाच आहे तसा." माझ्या हातातली लाटी हातातच राहिली. औषधाला दर महिन्याला सुट्टी लागते म्हणून तिनं फक्त मला सांगितलं होतं. मी जाऊबाईंना सांगितलं. पुढचं काय सांगू!

मग तुम्ही स्टीलचा डबा फिरवलात, बिननावाच्या चिठ्ठ्यांसाठी. लाटताना बोट कापलं तर? डास चावला तर? एकाच संडासात गेलं तर? जेवणातून, डासातून, संडासातून हा विषाणू जात नाही, हे तुम्ही न कंटाळता सांगितलंत. सरकारी केंद्रात गोळ्या फुकट मिळतात, त्या नेमानं घेतल्या आणि रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, तर नवऱ्यालासुद्धा संबंधातून लागण होत नाही, हे ऐकून तर मागच्या म्हाताऱ्याही पुढे सरकल्या.

शेवटची चिठ्ठी माझी होती. तुम्ही ती मोठ्यानं वाचली नाहीत. घडी करून पर्समध्ये ठेवलीत आणि कुणाकडेही न बघता म्हणालात, "हे तिलाच जाऊन सांगा. ती एकटी असेल तेव्हा." तुमचे आभार मानायचे ते त्या घडीसाठी.

मी गेले. तिनं माफ वगैरे केलं नाही, अजून कामापुरतंच बोलते. पण लाटायला येते, आणि तिचे पापड सगळ्यांच्या पापडांत वाळतात. तो कप कधी बाकीच्यांत मिसळला कळलं नाही. परवा माझ्याच वाट्याला आला, बोट भाजलं.

तुमचा डबा इथंच राहिलाय. न्यायला या, पण घाई नाही. चिठ्ठ्या अजून पडतात त्यात. कालची शुगरची होती.

तुमची,
बचत गटाची सचिव