फोंड्याच्या ताईंना, पपेनच्या २१२ अक्षरांसाठी मनापासून थँक्यू

ताई,

नाव कुठे लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय म्हणून लिहीत नाही, पण हे सगळ्यांसमोर बोलल्याशिवाय मला राहवत नाहीये.

एमएस्सीच्या प्रोजेक्टला पपेन, म्हणजे पपईच्या चिकातलं एन्झाइम, घेतलं तेव्हा जो तो म्हणायचा, सोपं आहे गं, पपई तर आपल्या परसातच आहे आणि सीक्वेन्स, म्हणजे त्याच्या २१२ अमिनो आम्लांचा क्रम, तो काय, डेटाबेसमध्ये पडलेलाच आहे, डेटा टाकला की सॉफ्टवेअर जुळवून देतं. तुम्ही एकट्या म्हणालात की जुळवणं वेगळं आणि वाचणं वेगळं, तुला वाचायचंय का ते आधी ठरव. त्या एका वाक्याने माझा अख्खा प्रोजेक्ट बदलला.

चीक काढायचं तसं काही अवघड नाही, सत्तरीला मामांच्या बागेत सकाळी लवकर हिरव्या पपईला उभ्या चिरा मारायच्या आणि थेंब वाटीत धरायचे, फक्त हाताला लागला तर कातडी चुरचुरते. खरी कटकट पुढे होती. पपेन प्रोटीन तोडतं आणि पपेन स्वतःही प्रोटीनच, त्यामुळे ते स्वतःलाच खातं, आज जेलवर (प्रोटीन आकाराप्रमाणे वेगळी करणाऱ्या थरावर) छान जाड बँड आणि नंतर बघावं तर खाली सगळा धूर. युरियात टाकलं की उलगडून त्याचं काम थांबेल असं सगळ्यांनाच वाटत होतं, तेव्हा तुम्ही फोनवर सांगितलंत की पपेन ८ मोलर युरियातसुद्धा काम करत राहतं आणि डीटीटी (सल्फरचे बंध सोडवणारं रसायन) घातलंस तर ते उलट अजून जागं होतं, कारण त्याचा सगळा जोर २५ नंबरच्या अमिनो आम्लाच्या, म्हणजे सिस्टीनच्या, मोकळ्या सल्फरवर आहे. म्हणून आधी आयोडोॲसिटामाइडने त्या सिस्टीनचं तोंड बंद कर, मग उलगडायला ग्वानिडीन, मग डीटीटीने तिन्ही डायसल्फाइड बंध सोडव आणि परत आयोडोॲसिटामाइड. तसं केलं आणि बँड जागेवर राहिला! हा क्रम इतक्या सरळ शब्दांत मला आधी कोणी सांगितला नव्हता.

आणि मग तो रविवार, तुमच्या डायनिंग टेबलवर मास स्पेक्ट्रमच्या, म्हणजे मशीनने मोजलेल्या पपेनच्या तुकड्यांच्या वजनांच्या, प्रिंट पसरलेल्या आणि तुम्ही पेन्सिल आणि पट्टी घेऊन. १७५.१ ला पीक, हा शेवटचा आर्जिनीन. पुढचा ३६१.२, फरक १८६.१ म्हणजे ट्रिप्टोफॅन. पुढचा ४७६.२, फरक ११५ म्हणजे ॲस्पार्टिक. असं करत करत पहिला तुकडा मी स्वतः वाचला, आयसोल्युसीन, प्रोलीन, ग्लुटॅमिक, टायरोसीन, व्हॅलीन, ॲस्पार्टिक, ट्रिप्टोफॅन, आर्जिनीन. त्यातही तुम्ही पहिल्याच अक्षरावर बोट ठेवलंत, की ल्युसीन आणि आयसोल्युसीन दोघांचं वजन ११३.०८, मशीन कसं सांगणार कोण ते? ते एडमनच्या पद्धतीने कळतं, कारण तिथे एकेक अमिनो आम्ल टोकाकडून सुटून येतं आणि दोघं कॉलममधून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. एडमनने ही पद्धत १९५० मध्ये मांडली आणि तुम्ही उमेदीची वर्षं ती चालवणाऱ्या मशीनवर घालवलीत, ते तुमच्या बोलण्यात जाणवतं.

पण मला सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते पुढच्या प्रश्नासाठी. ट्रिप्सिन या एन्झाइमने कापलेले तुकडे मी ओळीने मांडले होते आणि तुम्ही विचारलंत, हे दोन शेजारी आहेत हे कोण म्हणतं, डेटाबेसच ना? पहिला तुकडा आठव्या अक्षराला संपतो, दुसरा अकराव्यापासून सुरू, मधले ग्लुटामिन आणि लायसिन इतके छोटे की मशीनला दिसतच नाहीत. कौलावर कौल चढलं नाही तर पावसात गळणारच, असं म्हणून तुम्ही दुसऱ्या जागी कापणाऱ्या कायमोट्रिप्सिनचा वेगळा डायजेस्ट (तुकडे पाडणं) करायला लावलात, आणि त्यात ८ ते २६ असा सलग तुकडा मिळाला, दोन्ही बाजूंना सांधणारा, आणि आत तो २५ नंबरचा सिस्टीनही. प्रोटीन कापणाऱ्या सायनोजेन ब्रोमाइड या रसायनाचा विचार तुम्ही आधीच खोडलात, ते मिथिओनिनपाशी कापतं आणि पपेनमध्ये मिथिओनिन एकही नाही.

हा हट्ट कशासाठी ते तुम्ही जुन्या कामावरून समजावलंत. पपेनचा १९६४ मधला सीक्वेन्स अपुरा होता, १९६८ मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला ड्रेंथ आणि मंडळींनी क्ष-किरणांनी रचना काढली तेव्हा त्यात अमिनो आम्लं जास्त निघाली, आणि १९७० मध्ये दुरुस्त केलेला सीक्वेन्स छापून आला. केवढी मोठी माणसं ती, त्यांच्याही हातून तुकडे निसटले, मग आपण सांधे तपासायचे नाहीत म्हणजे काय!

माझ्या थिसिसमध्ये आता प्रत्येक सांध्याखाली कुठल्या तुकड्याने तो सिद्ध झाला ते लिहिलंय, आणि जिथे सांधा नुसता डेटाबेसच्या भरवशावर आहे तिथे तसं स्पष्ट लिहिलंय. व्हायवाला एक्स्टर्नल सर त्याच पानावर सगळ्यात जास्त वेळ थांबले.

तुम्ही एक रुपया घेतला नाहीत, उलट दर वेळी जेवूनच पाठवलंत. काकांनाही थँक्यू सांगा, त्यांचं टेबल आम्ही रविवारभर अडवून ठेवलं होतं. आणि हो, माझी ज्युनियर त्याच चिकातल्या कायमोपपेन या दुसऱ्या एन्झाइमवर काम सुरू करतेय, मी तिला तुमचा नंबर दिलाय, ती पुढच्या आठवड्यात फोन करेल. तिच्याकडे ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन दोन्हींचा डेटा तयार ठेवायला मी सांगितलंय.

तुमची,
डिचोलीची पपईवाली