पालकमंत्र्यांना खुले पत्र : समिती करा म्हणालात, केली, आता नोटीस कशाची?

मा. पालकमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपण आमच्या, महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावात पाण्याच्या टाकीच्या भूमिपूजनाला आलात. त्याच जागेवर, त्याच टाकीचा नारळ निवडणुकीआधीही एकदा फुटला होता. नारळ महागलेत म्हणतात, तरी आपल्याला परवडतात, आनंद आहे. आम्ही पंधरा-वीस बायका आणि सोसायट्यांतली काही मंडळी रिकामे हंडे घेऊन रस्त्याच्या कडेला उभे होतो. घोषणा नाहीत, काळे झेंडे नाहीत, हातात फक्त निवेदन. आपल्या गाडीची काच खाली आली, आपण हात जोडलेत, काच वर गेली. निवेदन माझ्या हातातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस दारात. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 168. पूर्वी याला 149 ची नोटीस म्हणत. आमच्याकडून दखलपात्र गुन्हा घडण्याची शक्यता आहे, असा तिचा मथितार्थ. मी निवृत्त जिल्हा परिषद शिक्षिका, साठी उलटलेली, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. मी काय करणार होते, हंडा फेकून मारणार होते? हंडा स्टीलचा आहे साहेब, आणि तो मला उद्या लागतो. नोटीस घेऊन आलेला हवालदार माझाच जुना विद्यार्थी. मान खाली घालून म्हणाला, "बाई, सही करा, वरून आलंय." केली सही. त्याला कशाला अडचणीत आणायचं?

पाण्यासाठी रहिवाशांची ही समिती आम्हाला सुचली कुणामुळे, ते आठवतं का? प्रचाराच्या वेळी मारुतीच्या देवळासमोर आपणच माईकवरून म्हणालात, "तुम्ही एकत्र या, समिती करा, मी तिला दर महिन्याला आयुक्तांसमोर बसवतो." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

आणि आम्ही खरंच एकत्र आलो हो. हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. आमच्या गावात गावठाणातले आणि सोसायटीवाले एकमेकांकडे पाहत नाहीत. त्यांचं म्हणणं, हे बाहेरून आले आणि आमचं पाणी संपवलं. यांचं म्हणणं, गावकऱ्यांनी जमिनी विकून पैसा केला, आता रडतात कशाला? पहिल्या बैठकीत तासभर फक्त भांडण झालं. मग एका शेतकऱ्याने पिशवीतून पाण्याची बाटली काढून मधे ठेवली. त्याच्या विहिरीचं पाणी. वर तेलासारखा तवंग, खाली काळपट गाळ, आणि झाकण काढताच आलेला तो वास! ओढ्यात कोणत्या टॉवरचं सांडपाणी सोडलं जातं हे सगळ्यांना माहीत होतं. त्याच टॉवरमधला एक मुलगा तिथे बसलेला होता. तो म्हणाला, "काका, आमचा मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्प बिल्डरने ताबा दिला त्या दिवसापासून बंद आहे. तो चालू करायला आम्हीपण भांडतोय." तिथून पुढे भांडण थांबलं आणि वही निघाली.

त्या वहीत आम्ही काय काय लिहिलं! कोणत्या गल्लीत नळाला पाणी किती वाजता येतं, टँकर कुणाचा, कुठल्या विहिरीवर भरला, चेंबरची झाकणं कुठे गायब आहेत, शाळेच्या रस्त्यावरचे कुठले दिवे बंद आहेत. नकाशा काढला, फोटो जोडले, महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात दिलं. उत्तर दोन ओळींचं आलं : सदर समिती नोंदणीकृत नसल्याने अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे. म्हणजे तहान लागली की आधी धर्मादाय आयुक्तांकडे जायचं, घटना लिहायची, पदाधिकारी नेमायचे, मग पाणी मागायचं. तेच कार्यालय घरपट्टीचं बिल मात्र नोंदणी न विचारता पाठवतं, आणि आम्ही नाही भरलं तर दंडही लावतं.

आता थोडा हिशेब सांगते, आयुष्यभर गणितच शिकवलं आहे. शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी द्यावं हा सरकारी निकष. आमच्या सोसायटीत 96 फ्लॅट. घरटी चार माणसं धरली तर रोज 51,840 लिटर, म्हणजे दहा हजारी पाच टँकर. आम्ही तीनवर भागवतो. टँकरला बाराशे रुपये, एप्रिल-मे मध्ये मागेल ते. कमीत कमी भाव धरला तरी महिन्याला लाखाच्या वर जातात. आसपास अशा चाळीस-एक सोसायट्या असतील, म्हणजे वर्षाला पाच कोटींच्या घरात पैसा. आकडा थोडा इकडेतिकडे असेल, आपल्या अधिकाऱ्यांनी दुरुस्त करावा. पाच कोटींत जलवाहिनी येत नाही, असं आपले अभियंते म्हणतात. टँकर मात्र येतो, तोही बरोबर रात्री दोनला. ज्या शहरात पाणी नाही तिथे टँकरभर पाणी रोज कुठून मिळतं, हा प्रश्न एकदा सभागृहात कुणीतरी विचारावा.

माझं स्वतःचं सांगायचं तर जमीन गेली, तिच्या बदल्यात हा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आला. गेल्या पावसाळ्यात सासूबाईंना कावीळ झाली. वय पंच्याऐंशीच्या पुढे. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "पाणी कुठलं पिता?" काय सांगणार? ज्या विहिरीचं नाव टँकरवाला सांगेल त्या विहिरीचं. त्या वाचल्या, पण तेव्हापासून अंथरुणावर आहेत, आणि अंथरुणावरच्या माणसाचं पाणी किती लागतं हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. चादरी, परकर, दुपटी. पाणी आलं नाही त्या दिवशी मी तो गठ्ठा पिशवीत भरून नणंदेच्या घरी धुवायला घेऊन जाते, शहराच्या जुन्या भागात. तिच्याकडे दोन्ही वेळा पाणी, अंगणातला पाइप सोडून गाडी धुतात. एकच महापालिका, एकच कर. हे लिहिताना मला आपल्याला काय काय म्हणावंसं वाटतंय ते लिहीत नाही, कारण कलम 168 माझ्या टेबलावरच आहे.

खरी गोष्ट पुढेच आहे. आमचं गाव ग्रामपंचायतीत होतं तेव्हा ग्रामसभा व्हायची. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. फार आदर्श नव्हती, गणपूर्तीअभावी तहकूब व्हायची, सरपंचाचे पाहुणेच जास्त बोलायचे. पण एखादी विधवा बाई उठून "माझ्या दारातली गटार कधी करणार?" असं विचारू शकायची, आणि ग्रामसेवकाला ते लिहून घ्यावं लागायचं. गाव शहरात घेतलंत तेव्हा ती ग्रामसभा गेली. बदल्यात काय आलं? महापालिकांना घटनेत स्थान देणारी 74 वी घटनादुरुस्ती 1993 पासून लागू आहे. महापालिका अधिनियमात 2009 साली क्षेत्रसभेची तरतूद झाली, म्हणजे मतदारांनी आपल्या भागाची सभा भरवायची, कामं सुचवायची. तिचा अध्यक्ष नगरसेवकच, म्हणजे दुधाच्या राखणीला मांजर, पण निदान सभा तरी! आमच्या भागात एकही झालेली नाही. मध्यंतरी विचारलं तर "सध्या नगरसेवकच नाहीत" हे उत्तर. ते खरंच होतं. निवडणुकाच न झाल्याने राज्यातल्या काही महापालिकांत 2020 पासून, बहुतेकांत 2022 पासून प्रशासक होते. सर्वोच्च न्यायालयाला मे 2025 मध्ये कान धरावा लागला, तेव्हा कुठे जानेवारी 2026 ला मतदान झालं. आता नगरसेवक चार आहेत, आणि चौघं एकमेकांच्या दारात पाठवतात. ज्यांना आपल्याच सभागृहाच्या निवडणुका वर्षानुवर्षे टाळता येतात, त्यांनी मला नोंदणीचा दाखला मागावा?

लोकांनी जमून काही होत नाही, असंही समजू नका. घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये नव्वदच्या दशकात रहिवाशांनी कचरा वेगळा करायला सुरुवात केली, त्यातून मुंबई महापालिकेने परिसर व्यवस्थापनाची योजनाच उभी केली. भिवंडीत सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त असताना हिंदू-मुस्लिम शेजाऱ्यांच्या मोहल्ला समित्या झाल्या, आणि 1992-93 च्या दंगलींत शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्या पोलीस अधिकाऱ्याने चार माणसं एकत्र बसलेली पाहून त्यांना खुर्च्या दिल्या, नोटिसा नाही. इथे मात्र सगळं उलटं. तुम्हाला मंडळ हवं असतं गणपतीचं, दहीहंडीचं, तुमच्या फोटोचा फ्लेक्स लावणारं. त्याची नोंदणी कुणी तपासत नाही. पाण्यासाठी जमलं की लगेच कायदा आणि सुव्यवस्था. तुमचा पक्ष, त्यांचा पक्ष, मधून फुटलेला तिसरा, सगळ्यांचं हेच.

तर मागणं असं : नोटिसा मागे घ्या. ज्या बिल्डरांनी महापालिकेचं पाणी येईपर्यंत आम्ही देऊ असं हमीपत्र लिहून दिलं, त्यांची यादी जाहीर करा. ज्या विहिरींवर टँकर भरतात त्यांच्या पाण्याची दर महिन्याला तपासणी करून अहवाल गावात लावा. आणि क्षेत्रसभा घ्या, कायद्यात आहे म्हणून.

तोवर आम्ही थांबणार नाही. 1 मे रोजी सकाळी दहा वाजता मारुतीच्या देवळासमोर आम्हीच सभा भरवतोय. पोलिसांकडे अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे. चारही नगरसेवकांना पत्रं दिली. दोघांनी "बघतो" म्हटलं, एकाने फोन उचलला नाही, चौथ्याने विचारलं की व्यासपीठावर बॅनर कुणाचा असेल. बॅनर नाही, व्यासपीठही नाही, सतरंजी आहे. आपण येणार असाल तर पाइपलाइनचा नकाशा आणि कामाच्या तारखा घेऊन पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांना सोबत आणा. हारतुरे होणार नाहीत.

आपली,
समाविष्ट गावातली एक रहिवासी