कोळ्याचा फोटो काढा, पण त्याला फ्रीजमध्ये ठेवू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी सकाळी सेमिनरी हिल्सवर तीन तरुण कॅमेरे घेऊन बसलेले दिसले. समोर पानावर एक नाकतोडा होता, अगदी गप्प. निवृत्तीनंतरची सहा वर्षं मीही किड्यांचे, कोळ्यांचे फोटो काढतो, म्हणून त्यांच्याजवळ टेकलो. लेन्स इतकी जवळ नेली तरी हा उडत कसा नाही, असं विचारलं. ''काका, रात्रभर फ्रीजमध्ये होता नं, म्हणून शांत आहे,'' एकानं सहज सांगितलं. बाजूच्या डब्यात बर्फाची थैली होती आणि दोन छोट्या डब्यांत एकेक कोळी.

मला दिवसभर चैन पडलं नाही. किड्याचं अंग बाहेरच्या हवेबरोबर तापतं आणि थंड होतं. गारठला की त्याचे स्नायू चालत नाहीत. त्याला शांत म्हणणं चूक आहे. त्याला पळताच येत नसतं.

मागच्या पावसाळ्यात आमच्या अजनीच्या घरामागे, रात्री टॉर्च मारला तर गवतात दोन हिरवट ठिणग्या चमकल्या. लांडगा कोळ्याची मादी होती. हे कोळी जाळं विणून भक्ष्याची वाट पाहत नाहीत, जमिनीवर फिरून शिकार करतात. मादी अंड्यांची पिशवी पोटामागे चिकटवून फिरते आणि पिल्लं बाहेर आली की ती तिच्या पाठीवर चढतात. हिच्या पाठीवर इतकी पिल्लं होती की पाठ दिसतच नव्हती. मी पुढे सरकताना कोपर गवताला लागलं आणि पाच-सहा पिल्लं खाली पडली. आई जागची हलली नाही. मीही श्वास धरून तसाच पडून राहिलो. एकेक पिल्लू तिच्या पायावरून वर चढलं, शेवटचं चढलं तेव्हा ती निघाली. तोवर दोनच फोटो मिळाले. इतक्या जवळून जेमतेम एक-दोन मिलिमीटर भाग स्पष्ट येतो. आईचे डोळे नीट आले, पिल्लं धूसर. तरी तोच फोटो माझ्या भिंतीवर आहे. त्या रात्री तिला डबीत घातलं असतं, तर त्या पिल्लांचं काय झालं असतं?

नवीन मुलांना सांगावंसं वाटतं, नागपुरात डिसेंबर-जानेवारीत पहाटे उठा. दव पडलेलं असताना टाचण्या (चतुरासारखे बारीक, लांबट किडे), नाकतोडे गवताच्या काडीवर आपसूकच स्थिर बसलेले सापडतात आणि ऊन अंगावर आलं की उडून जातात. फ्लॅशपुढे पॅकिंगचा पातळ पांढरा फोम लावला की उजेड मऊ पडतो. जाळ्यातल्या कोळ्यासाठी मात्र गुडघे टेकून अर्धा-अर्धा तास बसावं लागतं, त्याला इलाज नाही.

आपल्या रविवारच्या पानावर वाचकांनी काढलेले फोटो छापून येतात. माझी विनंती एवढीच, की किड्याचा किंवा कोळ्याचा फोटो आला तर तो कुठे, किती वाजता आणि कसा काढला, हे पाठवणाऱ्याला विचारा आणि फोटोखाली छापा. गारठवून, डिंकानं चिकटवून किंवा दोऱ्यानं बांधून काढलेला फोटो कितीही सुंदर असला तरी घेऊ नका. पानावर जागा मिळणार नाही हे कळलं, तर त्या डब्यांतले दोन कोळी कदाचित आपापल्या झाडावरच राहतील.

आपला,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी,
अजनी, नागपूर