गिअरला दात किती, एवढं तरी छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत मी ३४ वर्षं लेथ आणि मिलिंग या धातू कापायच्या मशीनवर काढली. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले, म्हणून स्कूटरच्या शेडमध्ये एक छोटं चिनी मिलिंग मशीन आणून ठेवलं. ३५० वॅटची डीसी मोटर आणि दोघांनी उचलून टेबलावर ठेवावं एवढंच वजन. नातवासाठी वाफेचं छोटं इंजिन करायचं मनात होतं.

आठव्या महिन्यात हेडमधला, म्हणजे कटर फिरवणाऱ्या वरच्या भागातला, गिअर गेला. चूक माझीच. १२ मिलिमीटरचा एंडमिल, म्हणजे उभा फिरणारा कटर, लावून माइल्ड स्टीलच्या पट्टीची कड घेत होतो आणि घाईत फीड, म्हणजे जॉब पुढे सरकवणं, उलट्या बाजूने दिला. कटरने जॉब ओढून घेतला, कड्‌कड्‌ असा आवाज झाला आणि कटर धरून फिरणारं स्पिंडल जागच्या जागी थांबलं. मोटर मात्र मजेत फिरतेय! उघडून बघतो तर गिअर प्लास्टिकचा आणि त्याचे चार दात साफ.

प्लास्टिक पाहून शिव्या घालणाऱ्यांतला मी नाही. या मशीनमध्ये तो गिअर फ्यूजसारखा आहे. कटर अडकला की दात जातात, पण मोटर आणि स्पीड कंट्रोलचं कार्ड वाचतं. फ्यूज उडाला याचं दुःख नाही, दुसरा फ्यूज मिळत नाही याचं आहे. विक्रेत्याला फोन केला तर उत्तर आलं, 'सुटा गिअर येत नाही, अख्खं हेड घ्या.' हेडची किंमत मशीनच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास.

मग म्हटलं, स्वतःच कापून घेऊ. गिअर कापायचा तर दातांची संख्या आणि मॉड्यूल, म्हणजे दाताच्या आकाराचं मेट्रिक माप, हवं. मोडक्या दातांची बुडं धरून दात मोजले. दातांच्या संख्येत दोन मिळवायचे आणि त्याने बाहेरच्या व्यासाला भागायचं, हे मॉड्यूलचं गणित आम्हाला झोपेतसुद्धा येतं. उत्तर आलं १.२१. प्लास्टिक झिजलेलं, त्यामुळे खरं मॉड्यूल सव्वा असेल. की २० डीपीचा (डीपी म्हणजे दाताचं इंची माप) गिअर असेल, म्हणजे १.२७? चिनी माल मेट्रिकच असणार असं मन सांगत होतं, पण नुसत्या मनाच्या सांगण्यावरून गिअर कापून देणाऱ्या हॉबिंगवाल्याकडे जाता येत नाही. मशीनसोबतची पुस्तिका चाळली. 'मशीनजवळ लहान मुलांना येऊ देऊ नये' हे दोनदा छापलंय. गिअरला दात किती, ते एकदाही नाही.

जुन्या जोडीदाराने सांगितलं, 'ईएन-८ स्टीलचा करून टाक, जन्मात मोडणार नाही.' गिअर मोडणार नाही हे खरं, पण मग जोर जाईल कुठे? गिअर शाफ्टला अडकवणारी चावी कातरेल, नाहीतर कार्ड जळेल. शिवाय स्टीलच्या गिअरांचा खडखडाट घराघरांच्या गल्लीत कोण ऐकून घेणार?

म्हणून गिअर काढूनच टाकले आणि पट्टा बसवला. वॉशिंग मशीनला बारीक खाचांचा पॉली-व्ही पट्टा असतो ना, जे सेक्शनचा, तोच. कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. खाचांमधलं अंतर २.३४ मिलिमीटर हे ठरलेलं आणि सगळीकडे छापलेलं, त्यामुळे टूल घासून अॅल्युमिनियमच्या दोन पुल्या जोडीदाराच्या लेथवर एका दुपारीत टर्न केल्या. प्रत्येक पुलीला दोन पायऱ्या: मोटरवर ३० आणि ४५ मिलिमीटर व्यासाच्या, स्पिंडलवर ७५ आणि ६० च्या. दोन्ही जोड्यांची बेरीज १०५, म्हणजे एकच पट्टा दोन्ही पायऱ्यांवर चालतो. बऱ्याच जणांना दातेरी टायमिंग पट्टाच हवा असतो. मी मुद्दाम घेतला नाही. मला अडकल्यावर घसरणारा पट्टा हवा होता. घसरणं हाच माझा नवा फ्यूज. ताण देण्यासाठी मोटरच्या प्लेटला लांबट भोकं पाडली. वरचं कव्हर म्हणजे स्वयंपाकघरातला पोचे पडलेला डबा. तो न विचारता उचलल्याबद्दलची बोलणी अजून चालू आहेत.

तोटाही सांगतो. मोटर बिनभार मिनिटाला साधारण ४५०० फेरे घेते. पूर्वी लो गिअरला स्पिंडल ११०० वर यायचं, आता खालच्या पायरीला १८०० वर येतं. त्याखाली जायचं तर नॉब फिरवून मोटरच हळू करावी लागते आणि मोटर हळू झाली की तिचा दमही कमी होतो. खालच्या पायरीचा जोर पूर्वीच्या लो गिअरच्या साठ टक्क्यांवर आला. स्टीलमध्ये १२ चा कटर आता पोट भरून कापत नाही, पाव-पाव मिलिमीटर खावं लागतं. उलट ३ मिलिमीटरच्या कटरने अॅल्युमिनियम कापताना वरच्या पायरीचे ३३७५ फेरे लोण्यासारखे चालतात. लहान कटरला वेगच लागतो. आणि आवाज? शेजारच्या वहिनी परवा विचारत होत्या, 'काका, मशीन विकलंत का?'

पत्राचं कारण एवढंच. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं असे त्यात चार खाने. चांगलंच झालं. पण माझं मशीन त्यातल्या कुठल्याच खान्यात बसत नाही. सुटा भाग विकायला ठेवा असंही मी म्हणत नाही, छोट्या दुकानदाराला तो माल बाळगणं परवडत नसेल. पण पुस्तिकेत एक तक्ता छापायला काय खर्च येतो? प्रत्येक गिअरचे दात, मॉड्यूल, भोकाचा व्यास आणि चावीची रुंदी. चार आकडे! पुढचं उद्यमनगरातला कुठलाही पोरगा करून देईल.

माझ्याकडे लेथवाला जोडीदार होता म्हणून मी निभावलो. हेच मशीन हौसेने घेणाऱ्या शिक्षकाने किंवा बँकेतल्या माणसाने काय करायचं? त्याचं मशीन चादर टाकून कोपऱ्यात जातं. अशी दोन मी आमच्याच भागात पाहिली आहेत.

मोडका गिअर डबीत जपून ठेवलाय. मॉड्यूल सव्वा की १.२७, ते अजून कळलेलं नाही.

– एक निवृत्त टर्नर, राजारामपुरी, कोल्हापूर