नोंदवहीतला अंजन नेमका कोणता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गावोगावच्या लोकजैवविविधता नोंदवह्यांत (गावातल्या वनस्पती-प्राण्यांची नोंद ठेवणाऱ्या वह्यांत) शास्त्रीय नावाचा रकाना अनेकदा मराठी नाव इंटरनेटवर टाकून भरला जातो. यात मोठा घोटाळा होतो. आपल्या सातपुड्यातला अंजन म्हणजे हार्डविकिया बायनाटा, जोडपानांचा उंच वृक्ष. सह्याद्रीतली अंजनी म्हणजे मेमेसायलॉन अंबेलॅटम, निळ्या फुलांची. अंजन गवत तर सेंक्रस सिलियारिस. शास्त्रीय नाव झाडावरून ठरते, मराठी नावावरून नव्हे.

नाव सापडले तरी त्याचा दर्जा पाहावा लागतो. शास्त्रीय नावांच्या सूचीत काही नावे स्वीकृत, काही पर्यायी (त्याच वनस्पतीची दुसरी नावे), तर काही 'अनिर्णित' असतात. अनिर्णित म्हणजे चुकीचे नव्हे. ते नाव स्वीकृत मानायचे की पर्यायी, याचा निकाल सूची करणाऱ्यांना लावता आलेला नाही, एवढेच. असे नाव पक्के म्हणून नोंदवहीत चढले की पुढचे सगळे तेच उतरवून घेतात. 'द प्लांट लिस्ट' ही वनस्पतींच्या नावांची इंटरनेटवरची यादी २०१३ पासून अद्ययावत झालेली नाही, तिच्यावर विसंबू नये. स्वीकृत नावेही बदलतात; बाभळीचेच पाहा. अकेशिया हे नाव मुळात तिच्यावर आधारलेले. पण २००५ च्या व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत ते ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे गेले, २०११ मध्ये मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब झाले आणि आपली बाभूळ व्हाचेलिया निलोटिका झाली. जुने नाव खोडू नये, पर्यायी म्हणून शेजारी ठेवावे.

ओळख पटवण्यासाठी झाडाचा नमुना घ्यायचा तो फुला-फळांसकट; नुसत्या पानांवरून ओळख बहुधा अडते. वर्तमानपत्रात दाबून रोज कागद बदलावा, नाहीतर बुरशी येते, पाने काळी पडतात. फुलांचा रंग, वास, चीक जागेवरच टिपावा, वाळल्यावर तो राहत नाही. गाव, तालुका, तारीख लिहिलेली चिठ्ठी नमुन्यासोबतच हवी. चिठ्ठीचे मोल खान्देशाला सांगायला नको: रानपिंगळ्याचा (एका दुर्मीळ घुबडाचा) १९१४ सालचा गुजरातचा म्हणून दाखवलेला नमुना खोट्या चिठ्ठीचा निघाला, शोध खऱ्या जुन्या ठिकाणांकडे वळला आणि १८८४ नंतर न दिसलेला हा पक्षी १९९७ मध्ये शहाद्याजवळ सापडला.

वाळलेला नमुना पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रातील संग्रहाशी ताडून घ्यावा. नावाचा पहिला शब्दच खात्रीचा असेल तर तेवढाच लिहून पुढची जागा मोकळी सोडावी. नोंदवहीत नमुना क्रमांक, नावाचा दर्जा आणि तपासल्याची तारीख असे तीन रकाने वाढवावेत, ही जिल्हा पातळीवरील जैवविविधता समित्यांना विनंती.

आपला,
एक वनस्पती अभ्यासक, नंदुरबार