काकांच्या शेजाऱ्यांचे आभार

काकू गेल्यावर काका एकटे पडले, आणि वरच्या मजल्यावरची माणसं भिंतीतून आपलं बोलणं ऐकतात असं त्यांच्या मनानं पक्कं घेतलं. पुरावे देऊन असा भ्रम जात नाही. उलट समजावणाऱ्यावरच संशय जातो. हे त्या शेजाऱ्यांना कुणी शिकवलं होतं देव जाणे! ज्यांच्यावर आळ होता तेच रोज संध्याकाळी दार वाजवायचे. "आम्हाला तसं काही जाणवत नाही, पण तुम्हाला रात्री झोप लागत नसेल ना?" एवढंच विचारायचे. होकार नाही, वादही नाही. खालच्या ताईंनी बुद्धिबळाचा पट मांडला. झोपेचं निमित्त करून एका दादांनी काकांना मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं आणि स्वतः बाहेर बाकावर ताटकळत बसले. डॉक्टरांनी कानही तपासून घेतले, कारण उतारवयात ऐकू कमी येणं आणि एकटेपणा संशयाला खतपाणी घालतात. श्रवणयंत्र आलं, गोळ्या सुरू झाल्या. संशय बराच विरला. कधीतरी डोकं वर काढतोच, तेव्हा काका स्वतः वर जाऊन विचारतात आणि ती मंडळी न कंटाळता उत्तर देतात.

नावं लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. मनापासून आभार. आणि ताई, काका पटावरच्या चाली परत घेतात हे आम्हालाही माहीत आहे!