सेंट पीटर्सबर्गच्या (पूर्वीच्या लेनिनग्राडच्या) दुभाषी बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

सोव्हिएत काळातल्या आठवणी तुमच्या शहरातील वृद्ध कर्णबधिरांनी खुणांनी सांगितल्या, तुम्ही त्या रशियनमध्ये बोलून दाखवल्या, म्हणूनच मला त्या मराठीत लिहून घेता आल्या. त्याबद्दल इथल्या वाचकांसमोर तुमचे आभार मानावेत, म्हणून हे पत्र मराठीत लिहीत आहे. रशियन प्रत वेगळी पाठवत आहे.

तुमचे आई-वडील कर्णबधिर, त्यामुळे दवाखान्यात आणि सरकारी कचेऱ्यांत त्यांच्या वतीने बोलणे तुमच्या लहानपणापासून अंगवळणी पडलेले. तरीही तुम्ही एकाही सांगणाऱ्याच्या तोंडी स्वतःचे मत घातले नाही. १९२६ साली स्थापन झालेल्या कर्णबधिरांच्या संघटनेचे स्वतःचे कारखाने होते, त्यांच्या उत्पन्नातून क्लब आणि घरे उभी राहिली, दारावरची घंटा दाबली की घरात दिवा लागे, आणि क्लब बंद झाल्यावर मंडळी रस्त्यावरच्या दिव्याखाली गप्पा मारत उभी राहत, कारण अंधारात हात दिसत नाहीत. ‘ते दिवस चांगले होते,’ असे एक आजोबा म्हणाले, तेव्हा ते वाक्य तुम्ही जसेच्या तसे माझ्यापर्यंत पोहोचवलेत.

त्याच आजोबांनी पुढे १९३७ची हकिकत सांगितली. जर्मन सिगारेटच्या पाकिटांतील चित्रे सापडल्याचे निमित्त होऊन लेनिनग्राडमधील पन्नासहून अधिक कर्णबधिरांना पकडले गेले, त्यांतील तीसहून अधिक जणांना गोळ्या घातल्या गेल्या, आणि ते निर्दोष असल्याचे सरकारने मान्य केले ते १९५५ साली. खुणांनी दिलेला जबाब अधिकाऱ्यापर्यंत दुभाष्यामार्फतच जाणार, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. इथे तुम्ही दोनदा थांबून आजोबांना त्यांची खूण पुन्हा करायला लावलीत. त्या काळजीबद्दल मी विशेष ऋणी आहे. १९५०च्या लेखात स्टालिनने मूकबधिरांना भाषा नसलेल्यांत गणले होते, हे मात्र त्यांनी खळखळून हसत सांगितले.

आगगाडीत प्रवाशांजवळ छायाचित्रे ठेवून जाणाऱ्या आणि मुकाट्याने पैसे घ्यायला परत येणाऱ्या कर्णबधिर विक्रेत्यांचा बेकायदा धंदा मी गाळणार होते. तो तुमच्या आग्रहामुळे राहिला, आणि आमच्या शाळेतील कर्णबधिर मुलांनी सर्वांत जास्त प्रश्न त्याबद्दलच विचारले. पोलीस दिसताच हे विक्रेते एकमेकांना कसे कळवत, हे आजोबांना विचारून कळवाल का? मुले वाट पाहत आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपली,
कर्णबधिर शाळेतील एक शिक्षिका